लांबच्यांचा दिवा

माझी बायको हुमकला गेल्याचं मला कळलं तेव्हा मी पोलंडमध्ये मशरूमच्या खोलीत गाडीवर उभा होतो. आमच्याकडे मशरूमचे वाफे फळ्यांवर एकावर एक रचलेले असतात आणि वरच्या वाफ्याला हात पोचावा म्हणून चाकांच्या गाडीवर उभं राहून तोडणी करतात. फोन बाहेर कपाटात ठेवावे लागतात. माझ्याबरोबर तोडणी करणारी जुनकिरी चहाला बाहेर गेली होती, ती चहा न घेताच परत आली आणि माझ्या गाडीखाली उभी राहिली.

"दाजू, खाली उतरा."

"एवढा वाफा संपवतो."

"नको. आधी उतरा."

जुनकिरी मला दाजू, म्हणजे थोरला भाऊ म्हणायची, पण एरवी घालूनपाडून बोलायची. "दाजू, मशरूम तोडताय की त्यांचं लग्न लावताय?" असं. त्या दिवशी तिचा आवाज वेगळा होता. मी खाली उतरलो.

माझा फोन लागत नाही म्हणून पुतण्या केशरने तिच्या फोनवर फोन केला होता. जुनकिरी आमच्याच, नेपाळमधल्या बागलुंगची, नदीपलीकडच्या डोंगरावरची, मगर जमातीची आहे. तिचा नंबर गावात सगळ्यांकडे आहे.

"काका," केशर म्हणाला, "काकी घास कापायला गेली होती. वरच्या कड्यावर. पाय सुटला."

"कुठल्या दवाखान्यात नेलंय?"

तो म्हणाला, "काका, आम्ही नदीवर आहोत."

आमच्याकडे नदीवर आहोत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मागे लाकडं तडकल्याचा आवाज येत होता.

"थांबा, मी येतो," मी म्हणालो.

"कसे येणार, काका?"

त्याचं खरं होतं. माझा व्हिसा संपला होता. इथे राहण्याच्या नव्या कार्डासाठी अर्ज दिला होता आणि पासपोर्टवर शिक्का मारून मिळाला होता. तो शिक्का असला की पोलंडमध्ये राहता येतं, कामही करता येतं. पण एकदा हद्द ओलांडली की परत येता येत नाही. आमच्या खोलीतल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. कुणाची आई गेली, कुणाचा भाऊ गेला, सगळे इथेच बसून रडले.

आम्हाला मुलगा नाही. एक मुलगी आहे, पवित्रा, ती शाळेत जाते. अग्नी केशरने दिला, तेरा दिवसांच्या क्रियेलाही तोच बसला. पण पंडितजींनी एक गोष्ट राखून ठेवली. नवरा जिवंत आहे, अस्थी त्याच्याच हातून नदीत जाऊ देत, असं ते म्हणाले. मडक्यात घालून, फडक्याने तोंड बांधून त्या घाटावरच्या पिंपळाला टांगल्या.

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"वर्षाच्या आत, काका. वर्षभर ती वाटेवर असते म्हणतात. तोवर तुम्ही या."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. हुमकला वाटेवर आहे, एकटी आहे, आणि तिला पुढे पोचवायचं काम माझं आहे.

तेरा दिवस मी जमेल तसं सुतक पाळलं. कुलप्रसाद दाजूंनी माझं डोकं भादरलं. ते बाहुन, म्हणजे ब्राह्मण आहेत, आमच्या खोलीत वयाने मोठे. पांढरे कपडे वेगळे घालावे लागले नाहीत. मशरूमच्या खोलीत सगळेच पांढरा डगला आणि डोक्याला जाळी घालतात, त्यामुळे मुकादमाला काही कळलंही नाही. दिवसातून एकदा बिनमिठाचा भात आणि तूप. कुणाला शिवायचं नाही, हे गाडीवर सोपं होतं. गाडीवर माणूस एकटाच असतो.

अडचण आली ती आजींची. आम्ही चौघं लेओकाडिया आजींच्या घराच्या माडीवर भाड्याने राहतो. त्यांचा नवरा झेनोन जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांचं बीटचं सूप घेत नाही हे पाहून त्यांनी जुनकिरीला खोदून विचारलं. मग जिना चढून वर आल्या, मला दोन्ही खांद्यांना धरलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि माझ्या कोटाला त्यांच्याकडची दुखवट्याची काळी फीत टाचून गेल्या.

कुलप्रसाद दाजू भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जा. पुन्हा आंघोळ कर."

"त्यांना काय माहीत, दाजू?"

"त्यांना नाही माहीत. पाण्याला माहीत आहे. जा."

आंघोळ केली. फीत मात्र मी काढली नाही.

त्या वर्षी मला तिहार नव्हता. तिहार म्हणजे आमची दिवाळी. सुतकाच्या वर्षी दिवे लावत नाहीत, टिळा लावून घेत नाहीत. पलीकडच्या इमारतीतली आमची पोरं खिडकीत दिवे लावून घरी फोटो पाठवत होती. मी पडदा ओढून घेतला होता.

त्याच सुमारास इथल्या पोलिश लोकांचा मृतांचा सण येतो. नोव्हेंबरचा पहिला दिवस. यांना सुट्टी असते. आम्हाला सकाळची पाळी होती, कारण मशरूम सण पाहत नाही, रात्रीत वाढतं आणि सकाळी तोडलं नाही तर उघडून वाया जातं. दुपारी परत आलो तर आजी फाटकाशी तयार उभ्या होत्या. एका हातात शेवंतीची कुंडी, दुसऱ्या हातात पिशवी.

"डंबर, चल. कुंडी जड आहे."

मी कुंडी उचलली. स्मशानात जायला मन घेत नव्हतं. पण म्हाताऱ्या बाईला कुंडी वाहायला नाही कसं म्हणायचं?

सगळं गाव तिथे होतं. बायका ब्रशने कबरींचे दगड घासत होत्या, पुरुष पाण्याचे झारे भरत होते, मुलं वाटेवर धावत होती. प्रत्येक दगडावर काचेतले दिवे, वर पत्र्याचं झाकण. सगळीकडे मेणाचा वास. आजींनी झेनोनचा दगड पुसला. त्यावर झेनोनच्या नावाशेजारी दुसरं नाव कोरलेलं होतं. मी ते वाचलं. ते आजींचंच नाव होतं. जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ आणि त्यापुढे मोकळी जागा.

"आजी, हे तुमचं?"

"मग कुणाचं? दगडवाल्याने दोन्ही नावं एकदम कोरली. स्वस्त पडलं."

"भीती नाही वाटत?"

"कसली? जागा ठरलेली आहे. ज्यांची ठरत नाही त्यांनी भ्यावं."

मग त्या मला मधल्या मोठ्या क्रूसापाशी घेऊन गेल्या. त्याच्या पायाशी दिव्यांची रास होती. तिथे कुणाची कबर नव्हती.

"हे लांबच्यांचे," आजी म्हणाल्या. "ज्यांची माणसं दुसरीकडे आहेत, ते इथे लावतात." पिशवीतून त्यांनी लाल काचेचा दिवा काढला. "हा तुझ्या बायकोचा. आणि लक्ष ठेव हो. लोक दिवे चोरून नेतात आणि बाजारात विकतात. मेल्यांचं खाणारी तरसं कुठली."

मी दिवा लावला. का लावला, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. आजूबाजूला इतके दिवे होते, आणि घरी मी एकही लावला नव्हता. आजींनी नाव विचारलं. मी मोठ्याने म्हणालो, "हुमकला." आजींनी डोळे मिटून त्यांच्या प्रार्थनेत ते नाव घेतलं, जरा चुकीचं. मी फोनवर फोटो काढला. बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

घरी आलो तेव्हा कुलप्रसाद दाजू डाळ ढवळत होते. मी सांगितलं, तसा त्यांचा हात थांबला.

"काय केलंस?"

"दिवा लावला, दाजू. सगळेच लावतात."

"कुठे?"

"त्यांच्या स्मशानात."

"नाव घेतलंस?"

"घेतलं."

त्यांनी गॅस बंद केला. "डंबर, अरे, तेराव्याला तिला वाटेला लावलं. अजून अस्थीही टांगलेल्या आहेत. वाटेवरच्या माणसाला मागून हाक मारतात का? आणि मारलीस कुठून, तर पुरलेल्यांच्या मधून. आली असेल ना ती! दिवा दिसला, नवऱ्याचा आवाज ऐकला, आली असेल. आता इथून पुढची वाट तिला कोण दाखवणार? त्यांचं मेलेलं माणूस जमिनीत राहतं, आपलं वाहतं."





जुनकिरी दारात उभी होती. "दाजू, तुमच्या तोंडाला कुलूप घाला कुणीतरी. नाव कुलप्रसाद, आणि कुलूप म्हणून नाही!" ती हसवायला बघत होती. कुणी हसलं नाही.

तेव्हापासून मला भीती बसली. मशरूमच्या खोलीत दिवसाही उजेड कमी असतो आणि पंख्यांची घरघर चालू असते. त्या घरघरीत मला विळ्याचा आवाज येऊ लागला. घास कापतानाचा, खर्र, मग थांबून पुन्हा खर्र. तो मागून यायचा. मी गाडीवर उभा राहून मागे वळायचो, तर फक्त वाफे आणि त्यावर पांढरी डोकी. माझी गती कमी झाली. मुकादम दोनदा माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

मग पवित्राचा फोन आला. आईला ती आमा म्हणते.

"बा, आमा स्वप्नात आली होती."

"काय म्हणाली?"

"काही नाही. खूप छोटे छोटे दिवे होते, तिथे उभी होती. लोकांना काहीतरी विचारत होती. त्यांना तिचं कळतच नव्हतं."

माझ्या हातून फोन पडला. उचलून मी काहीतरी बोललो, अभ्यास कर वगैरे. नंतर आठवलं की दिव्यांचा फोटो मीच केशरला पाठवला होता, तो तिने पाहिला असणार. हे मला पटलं. पण पटून भीती गेली नाही. त्या जागी हुमकला उभी आहे आणि वाट विचारते आहे, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. ती कधी काठमांडूलाही एकटी गेली नव्हती. बुटवलच्या बसअड्ड्यावर माझा शर्ट धरून चालायची.

मी मनाशी ठरवलं, दिवा विझेपर्यंत थांबायचं. विझला की तिची तीच निघेल. एका दुपारी पाळी सुटल्यावर फाटकाबाहेरून पाहिलं तर क्रूसापाशी बाकीचे दिवे काळे पडले होते आणि लाल काच जळत होती. पुन्हा काही दिवसांनी पाहिलं. जळत होती. इतके दिवस कुठला दिवा जळतो? मी जवळजवळ पळतच घरी आलो.

आजी बटाटे सोलत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "रंग का उडालाय तुझा? स्मशानाकडून आलास ना? जळतोय ना दिवा? मी मेण बदलत असते. सायकलवरून जाते. म्हटलं, पोरगी नवीन आहे इथे, अंधारात कशाला ठेवायची."

मी 'धन्यवाद' म्हणालो.

म्हणजे दिवा विझणार नव्हता. आजी जिवंत आहेत तोवर नाही. आणि बायकोच्या नावचा दिवा स्वतःच्या तोंडाने फुंकायचा, हे माझ्याने होणार नव्हतं. कुलप्रसाद दाजूंना विचारलं तर ते खालच्या आवाजात म्हणाले, "डंबर, मी शास्त्र शिकलेला नाही. आमची आजी सांगायची ते बोललो. नदीवर ने, असं मला वाटतं. वाहत्या पाण्यापाशी ठेवला तर तिला नदी ओळखीची वाटेल."

रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये असतात असा माझा हिशेब होता. मी क्रूसापाशी गेलो, दिवा जळता उचलला, वारा लागू नये म्हणून कोटाच्या आत धरला आणि फाटकाकडे वळलो.

"तरस! तरस!"

एक बाई पाण्याचा झारा टाकून ओरडत होती. पानं झाडणारा एक उंच माणूस खराटा घेऊन माझ्या वाटेत आला. माझ्या कोटातून धूर निघत होता. मी "माझा, माझा" म्हणत होतो. त्यांनी कोट उघडायला लावला.

"कागद दाखव," उंच माणूस म्हणाला.

मी पासपोर्ट काढला. तो शिक्का असलेलं पान उघडून पाहत राहिला. बाईने फोन कानाला लावला होता आणि पोलीस हा शब्द मला कळला. स्मशानातून चोरी करताना परदेशी माणूस धरला. एवढं एक वाक्य माझ्या अर्जाला जोडलं गेलं असतं तर कार्ड मिळालं नसतं. परत पाठवलं असतं, हे तर बरंच, घरी तरी पोचलो असतो, असं म्हणाल. पण मला ते सुचलं नाही. मला फक्त एवढंच दिसत होतं की हे मला कुठेतरी कोंडतील, दिवा परत क्रूसापाशी ठेवतील, आणि ती तिथेच राहील.

"हा लेओकाडियाकडचा ना?" बाई फोन खाली घेत म्हणाली. "थांब, तिलाच बोलवते."

आजी सायकल ढकलत आल्या, चर्चच्या चांगल्या कपड्यांत.

"तादेक, पासपोर्ट दे त्याचा. दिवा मी विकत आणलाय."

"दिवा तुझा असेल, पण हा कोटात लपवून कुठे निघाला होता?"

"ते मी विचारते. तू पानं झाड. थडग्यावर ढीग झालाय तुझ्या आईच्या."

तो बाजूला झाला. आजी माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या रागावल्या होत्या.

"कुठे नेत होतास?"

"नदीवर."

"का? मी काय कमी केलं? गुडघे दुखतात तरी येते मी."

माझं पोलिश मशरूमच्या मापांपुरतं. आहे तेवढ्यात सांगितलं. बायको वाटेवर आहे. वर्षभर चालते. दिवा पाहून थांबली. इथे तिला कुणाचं बोलणं कळत नाही. मला भीती वाटते. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणालो.

आजी सायकलला टेकून उभ्या राहिल्या.

"माझा भाऊ स्ताशेक," त्या म्हणाल्या. "जर्मनीत गेला होता, तुझ्यासारखाच, कामापुरता. बांधकामाच्या भिंतीवरून पडला. तिकडेच पुरला. मला जायला कागद मिळाला तोवर वर्षं उलटली होती. गेले तर त्या जागी दुसऱ्याच कुणाचा दगड. जुना काढून टाकला म्हणाले, कुणी विचारायला आलं नाही. त्याच्यासाठी लावते मी क्रूसापाशी. मला वाटायचं, तिकडे एका तरी बाईने त्याच्या नावाने दिवा लावला असता!" त्यांनी नाक पुसलं. "मला अंधाराची भीती वाटते आणि तुला उजेडाची. आता काय करायचं सांग."

मी दिव्यावर हाताचा आडोसा धरला.

"विझवायचा नाही?"

"नाही."

"ठेवायचाही नाही." त्यांनी सायकलच्या पुढच्या टोपलीतली पिशवी काढून हँडलला अडकवली. "ठेव इथे. हात धर वर. चल."

आम्ही नदीवर गेलो. ती आमच्या कालीगंडकीसारखी नाही, कमी पाण्याची, गवतातून हळू जाणारी. बसायला जागा नव्हती. मी काठावरची ओली माती सपाट करून दिवा ठेवला. आजींनी क्रूसाची खूण केली आणि मोठ्याने, माझ्याशी त्या नेहमी बोलतात तशा, बहिऱ्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "हुमकला, बाळ, आम्ही तुला थांबवत नाही. घरी जा."

मी नेपाळीत सांगितलं. पाण्याच्या बाजूने जा. मागे बघू नको. पवित्रा बरी आहे. मी येतो.

ज्योत हलत होती पण विझत नव्हती. आम्ही उभे राहिलो. आजींना थंडी वाजत होती. मी जाऊ या म्हणालो, कारण त्या स्वतःहून म्हणाल्या नसत्या. निघताना मी मागे पाहिलं नाही. त्यामुळे दिवा कधी विझला, विझला की कुणी उचलून नेला, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी जायचं धाडस झालं नाही. विळ्याचा आवाज त्यानंतर कमी झाला. बंद झाला असं म्हणता येणार नाही.

आजी अजून क्रूसापाशी जातात. स्ताशेकचा लावतात. दुसरा लावत नाहीत. घरून निघताना फक्त, तिचाही लावू का, अशा माझ्याकडे बघतात, आणि मी मानेने नाही म्हणतो.

कार्ड अजून आलेलं नाही. काल केशरने सांगितलं की मडक्याच्या तोंडाचं फडकं उन्हापावसाने विरलं होतं, ते त्याने बदललं. अस्थी अजून पिंपळालाच टांगलेल्या आहेत. त्या नदीत सोडायच्या राहिल्या आहेत.